पाय उचलेपर्यंत

"नाही जात. अजिबात जात नाही," आर्विल म्हणाला आणि त्याने तो नवा कृत्रिम पाय काढून सीटवर आमच्या दोघांच्या मध्ये टाकला.

पॉप्लर गॅपच्या जुन्या शाळेबाहेर आम्ही गाडीत बसलो होतो. आतून सूर जुळवल्याचे आवाज येत होते. सकाळी घरी तोच पाय नीट बसला होता. पण तासभर घाटातून गाडीत बसल्यावर त्याचा गुडघ्याखाली उरलेला भाग सुजला होता.

"मग परत जाऊ या," मी म्हणाले. "पुढच्या शनिवारी येऊ."

"सात महिने पुढचा शनिवारच चाललाय, डेल्फा. पिन आहे का तुझ्याकडे?"

माझ्या पर्समध्ये काय नसतं! पँटचा उजवा पाय दुमडून मी पिन लावली. घाईत दोनदा मलाच टोचली. कुबड्या सावरत तो उतरला आणि फिडलची, म्हणजे त्याच्या व्हायोलिनची, पेटी माझ्याकडे देऊन माझ्या पुढे चालू लागला.

एक्केचाळीस वर्षं आर्विलने रस्ते खात्याच्या बर्फ काढणाऱ्या गाड्या दुरुस्त केल्या. दोन खोऱ्यांपलीकडे त्याला कुणी ओळखत नाही. पण दर शनिवारी या शाळेत लोक खुर्च्यांचा गोल करून बसतात आणि त्या गोलात आर्विलने आजोबांची 'वाहून गेलेला पूल' ही धून धरली की बाकीचे मान खाली घालून त्याच्या मागे जातात. तिथला एकच कायदा आहे: ज्याने धून सुरू केली, त्यानेच ती संपवायची. वाजवताना बोलायचं नाही. धून पुन्हा पुन्हा पहिल्यापासून वाजत राहते; शेवटची फेरी आली की त्याने एक पाय उचलायचा. सगळ्यांना दिसतो आणि ती फेरी संपली की सगळे एकदम थांबतात. आर्विल जन्मभर उजवा पाय उचलत आला. मार्चमध्ये मधुमेहाने नेमका तोच नेला.

"मग डावा उचल," असं मी घरी सांगून पाहिलं होतं. पण डाव्यावर तो ठेका धरतो. तो उचलला की तोल जातो. पहिल्यांदा गज घसरला, दुसऱ्यांदा मी धरलं म्हणून फिडल वाचली.

"तोंडाने सांग ना, 'शेवटची फेरी' म्हणून."

"तोंडाने? मी काय गुरांच्या लिलावात ओरडायला बसलोय?"

झालं! त्यापुढे बोलायची सोय नव्हती. म्हणून तो दाराशी लोकांना भेटत होता तेवढ्यात मी व्हर्लिनला कॉफीच्या टेबलाजवळ गाठलं. व्हर्लिन म्हणजे आमचा निवृत्त पोस्टमन. बँजो वाजवतो आणि उरलेला वेळ लोकांची टर उडवतो.

"ऐक, आर्विलने सुरू केलं की पाच फेऱ्यांनी तू पाय उचल. कुणाला कळणार नाही."

"त्याने सांगितलंय?"

"मी सांगतेय."

"डेल्फा, तुझ्या बीन्सच्या पातेल्यात मी कधी मीठ घालायला आलोय का?"

"चेष्टा पुरे. तो पडेल रे, सगळ्यांसमोर!"

"बघू," तो म्हणाला. त्याचं 'बघू' मी शाळेपासून ऐकते आहे. त्यातून कधीच काही कळत नाही.

आत सगळ्यांनी आर्विलला टोमॅटो कसे आले विचारलं, पावसाचं विचारलं, कुत्रीचं विचारलं. पायाकडे कुणी बघितलं नाही. इतकं ठरवून बघितलं नाही, की मला तेच जास्त झोंबलं. माणसाएवढा उभा बेस वाजवणारी जूनी म्हणाली, "काका, इथे बसा, खुर्ची हलत नाही ही." तो बसला, फिडल जुळवली आणि पहिल्या झटक्यात 'वाहून गेलेला पूल'च धरली. निदान आधी दुसऱ्या कुणाची तरी होऊ द्यायची!

तीन फेऱ्या सुरेख झाल्या. नाचणारे जमिनीच्या लाकडी फळ्यांवर उतरले, बुटांची टकटक सुरू झाली. पाचवी झाली. मी व्हर्लिनकडे बघितलं. तो छताकडे बघत होता. सहावी, सातवी. एरवी इथे संपते. आठवीला नाचणारे धापा टाकत बसले. नववीला आर्विलचा खांदा उतरला, मानेवरून घाम वाहू लागला. मी खुर्च्यांच्या मागून व्हर्लिनपाशी गेले आणि त्याच्या कानात म्हणाले, "उचल की रे मेल्या!"

ओठ न हलवता तो म्हणाला, "धून त्याची आहे."

तेव्हा मला दिसलं. त्याने दोन्ही बूट खुर्चीच्या दांडीमागे अडकवून ठेवले होते. शेजारच्या गिटारवाल्यानेही. सगळ्यांनीच पाय खुर्चीखाली घेतले होते. जूनी दोन्ही पाय रोवून उभी होती, बोटं लाल झाली होती. अंधार पडेपर्यंत वाजवावं लागलं तरी यांच्यापैकी कुणीही आर्विलची धून संपवणार नव्हतं. मला त्यांचा इतका राग आला, की रडू फुटायचं बाकी राहिलं.

अकरावीला आर्विलने व्हर्लिनकडे एकदाच बघितलं. व्हर्लिनने डोळे मिटले आणि वाजवत राहिला.

बाराव्या फेरीच्या तोंडाशी आर्विलने हनुवटी फिडलवर दाबली आणि उजवी मांडी उचलली. दुमडलेली पँट खुर्चीच्या कडेवरून वर आली. चार बोटं असेल, जास्त नाही. तिच्याकडे कुणी बघू नये म्हणून मी सात महिने जिवाचं रान केलं होतं, आणि आता झाडून सगळे तिच्याकडेच बघत होते. व्हर्लिननेही डोळे उघडले. अख्खी फेरी आर्विलने तो पाय तसाच वर धरला. हातातला गज जरासुद्धा घसरला नाही.

मग एका ठोक्यावर सगळी वाद्यं थांबली.

पूर्वी त्या शेवटच्या ठोक्याबरोबर त्याचा उजवा बूट फळीवर आपटायचा. सवयीने सगळे क्षणभर त्या आवाजासाठी थांबले. आर्विलने मांडी हळूच खुर्चीवर टेकवली.

व्हर्लिनने बोटांवर फुंकर घातली आणि विचारलं, "हं, पुढची कुणाची?"