धुतलेल्या पायांची परात

मी परात बोलतेय. पितळेची, रुंद काठाची, एका बाजूला चेमटलेली. परातीचं तोंड मुळातच मोठं असतं, तेव्हा माझं बोलणं कुणाला टोचलं तर खुशाल टोचू दे. जन्मभर मी लोकांच्या पायांशी बसले. माणसाची खरी उंची तिथून बरोबर दिसते.

एका तांबटानं मला ठोकून ठोकून घडवलं. त्याच्या बायकोला मी पीठ मळायला हवी होते, पण उचलून बघितल्यावर ती म्हणाली, "ही काय परात म्हणायची की चाक? उचलणार कोण, तुमचे तीर्थरूप?" झालं, मी दुकानात जाऊन पडले. तिथून एका भाविक म्हातारीनं मला नेलं आणि चर्चला देऊन टाकलं.

तिथं मला काम वर्षातून एकदाच. प्रभूला क्रुसावर चढवलं त्याच्या आदल्या संध्याकाळी त्यानं आपल्या शिष्यांचे पाय धुतले होते. वाटेवरच्या धुळीनं बरबटलेले पाय, आणि काम गुलामाचं. त्याची आठवण म्हणून वेदीपुढे बारा खुर्च्या मांडायच्या, बारा जणांना बसवायचं आणि फादरनं गुडघे टेकून त्यांचे पाय धुवायचे. बाकी वर्षभर मी मागच्या खोलीत कपाटाखाली, मेणबत्त्यांची थोटकं सांभाळत.

आता गंमत ऐका. हे बाराही जण घरून पाय धुऊन येत! नखं कापून, टाचा घासून, कुणी तर वर पावडर लावून. फादरला घाण दिसता कामा नये ना! माझ्यातलं पाणी शेवटपर्यंत इतकं निर्मळ राही की त्यात छताच्या तुळया दिसत. दर वर्षी मला वाटे, अगं बाई, मग मला बाहेर काढलंत तरी कशाला?

मला घासायची ती चर्चची झाडूवाली. फरशी पुसून पुसून तिची कंबर वाकली होती, म्हणून लोक तिला 'पोतेरं' म्हणत. तोंडावर. "पोतेरं आलं का आज?" ती म्हणे, "आलंय, आलंय. पाय उचला, नाहीतर तुम्हालाही पुसून काढीन."

त्या वेळचे फादर म्हातारे होते. एकदा त्यांनी प्रवचनात सांगितलं की देवानं माणूस आपल्याच प्रतिरूपात घडवला, प्रत्येक माणूस, कुणीही त्यातून वगळलेला नाही. बाकीच्यांच्या बाबतीत ते पालथ्या घड्यावर पाणी. पण पोतेरं झाडू हातात धरून दाराशी उभी होती, तिनं ते ऐकलं. दुसऱ्या दिवशी राख-लिंबानं मला लखलखीत करून तिनं माझ्यात तोंड पाहिलं आणि हसली. "बघ गं परातबाई, देवाचं रूप. दात तेवढे कमी पडलेत."

त्या दिवसापासून तिच्या मनानं एकच घेतलं. एकदा त्या खुर्चीत बसायचं. तिची लेक शर्ट शिवायच्या कारखान्यात जाई, डबा द्यायला येई तेव्हा चिडे. "आई, त्या खुर्च्या मोठ्या लोकांच्या आहेत गं."

"मोठी माणसं घरी बसतात की सोफ्यावर! मला एकदाच बसायचंय. कुणीतरी खाली बसून माझ्या पायाला हात लावलेला बघायचाय. मग डोळे मिटले तरी चालतील."

म्हातारे फादर "पुढच्या वर्षी नक्की" म्हणाले आणि त्यांची बदली झाली. नवे फादर तरुण. वाईट नव्हते, भित्रे होते. बारा जण निवडायचं काम कापडवाल्या काकांचं, ते चर्चच्या मंडळाचे प्रमुख. त्यांनी तिला उडवूनच लावलं. "मावशी, तुमची सेवा देव बघतोय. खुर्चीचं काय घेऊन बसलात?" असं म्हणून स्वतः पहिल्या खुर्चीत बसायला मोकळे!

मग एका वर्षी ऐन दिवशी शाळेच्या बाईंना ताप भरला. एक खुर्ची रिकामी. फादर घाईत बोलून गेले, "मावशी, तुम्ही बसता का?"

दुपारभर ती मागच्या अंगणात बसली, मला शेजारी ठेवून. "सगळे धुऊन येतात, तर मी मळके पाय घेऊन जाऊ होय?" मला म्हणाली. तिनं वजरी घेतली आणि टाचा घासायला लागली. तिच्या डाव्या टाचेला जुनी जखम होती. साखरेचा आजार, त्या पायाला दुखलेलं कळायचं नाही. भेगांतला काळपटपणा जाईना म्हणून ती घासत राहिली. मी ओरडणार कशी? मला तोंड आहे, आवाज नाही. जखम उघडली तेव्हा तिनं वर फडकं बांधलं आणि चप्पल चढवली.

संध्याकाळी ती शेवटून दुसऱ्या खुर्चीत बसली होती, हात मांडीवर, शाळेतल्या पोरीसारखी. फादरनी तिचा उजवा पाय धुतला, पुसला. तिनं डोळे मिटून घेतले. मग तिनं डाव्या पायाचं फडकं सोडलं.

वास आला. पुढच्या बाकावरच्या काकूंनी नाकाला रुमाल लावला. फादरचा हात थबकला. त्यांनी वरूनच पाण्याची एक बारीक धार सोडली, पायाला न शिवता. "झालं हं, मावशी." पाणी गुलाबी झालं.

शेवटच्या खुर्चीवरचे गृहस्थ हळूच, पण सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाले, "पाणी बदला आधी."

इतक्या वर्षांत पाणी कधी बदललं नव्हतं. आणि बदलायला उठलं कोण? तीच. सवयच तिची, सांडलेलं आपण पुसायचं. फडकं गुंडाळून लंगडत तिनं मला बाहेर नेलं, रिकामं केलं, ताजं पाणी भरून आणून ठेवलं. परत खुर्चीत बसली नाही. दुसऱ्या दिवशी तिनं मला नेहमीसारखंच घासलं, पण माझ्यात तोंड पाहिलं नाही.

जखम चिघळली. दवाखान्यात नेलं तोवर विष वर चढलं होतं. पोतेरं गेली.

लेक चर्चमध्ये आली आणि कुणाला न विचारता मला उचलून घरी घेऊन गेली. आईला चटईवर निजवलं होतं. तिनं कोमट पाण्यानं आईचा उजवा पाय धुतला, बोट न् बोट. मग डाव्या पायाशी आली. सुकलेलं औषध, रक्त, पट्टीचा चिकटा. शेजारीण म्हणाली, "दे, मी धुते."

"नको." लेकीनं तिचा हात धरला. "हा राहू दे. ह्याला देवाच्या माणसांनी हात लावला नाही. आता त्यानंच धुवावा."

तो पाय तसाच मातीत गेला.

मढ्याला वापरलेली परात चर्चला परत नको होती. त्यांनी स्टीलची आणली, हलकी आहे म्हणे. मी इथं लेकीच्या शिवणयंत्राखाली पडून आहे. माझ्यात चिंध्या असतात. लेक मला घासत नाही, आणि मी काळी पडत चाललेय. पडू दे. तसंही ज्याला-त्याला तोंड दाखवायची हौस मला उरलेली नाही.

तुम्हाला एकच सांगते. त्या खुर्च्यांवर बसायची वेळ आली तर घरून पाय धुऊन येऊ नका. जसे आहात तसे या, चिखलासकट, जखमेसकट. म्हणजे खाली वाकलेल्याचा हात थबकतो की नाही, ते तरी कळेल. आणि तो थबकलाच, तर निदान पाणी बदलायला जिची जखम तिलाच उठवू नका.