अंगठ्याच्या बाजूने

"डोळ्यांत बोटं घाला, चेची. लाजताय काय, खुपसा!" जितिन म्हणाला. वयाने मोठ्या बायकांना तो चेची, म्हणजे ताई, म्हणे.

तंकमणीने समोरच्या रबरी पुतळ्याकडे पाहिले. त्याला हात नव्हते, कमरेखाली पायही नव्हते. चेहरा मात्र बँकेतल्या एखाद्या कारकुनासारखा गरीब होता. तिने दोन बोटे पुढे नेली आणि त्याच्या भुवईपाशी थांबवली.

"जाईल की हो डोळा एखाद्या वेळी," ती म्हणाली.

मागे रांगेत उभ्या असलेल्या कॉलेजच्या मुली फिसकन हसल्या. जितिन व्यायामशाळेचा मालक, पण पोरगा चांगला होता. तो हसला नाही.

"तो तुमच्या गळ्याला हात घालतोय आणि तुम्हाला त्याच्या डोळ्याची पडलीय! रस्त्यावर नियम नसतात, चेची. डोळे, गळा, जांघ. बाकी कुठं बघायचंसुद्धा नाही."

तंकमणीने मान हलवली आणि पुतळ्याच्या कपाळाला हळूच बोट लावले.

कोळिकोडच्या मिठाई तेरुवु या बाजाररस्त्यावर साड्यांचे एक जुने दुकान आहे, तिथे ती तरुणपणापासून विक्रीला होती. दिवसभर उभे राहायचे, बायकांच्या खांद्यांवर पदर टाकायचा, निऱ्या धरून दाखवायच्या, 'हा रंग तुम्हाला उठून दिसतोय' म्हणायचे. तेही हळू आवाजात, कारण दुकानात कोणी मोठ्याने बोललेले मालकांना खपत नसे. आता पन्नाशी उलटली होती. लग्न राहून गेले. आई अंथरुणाला खिळली, आणि मग हळूहळू कोणी विचारायचेच थांबले. आई जाऊनही दोन वर्षे झाली होती. वेस्टहिलच्या घरात ती एकटीच राहत होती.

त्या घराकडे जाणाऱ्या बोळात, पावसाळा संपता संपता, भर दुपारी मोटारसायकलवरच्या एका माणसाने तिच्या गळ्यातली आईची साखळी ओढून नेली. गळ्यावरचा ओरखडा लवकर बुजला. पोलिसांनी तक्रार लिहून घेतली आणि पंख्याखाली बसवून पाणी दिले. साखळी गेल्याचे दुःख होतेच, पण तिला झोपेतून उठवत होते ते वेगळेच. साखळी ओढली जात असताना ती ओरडलीच नव्हती. गिऱ्हाईक नवी साडी जोरात ओढते तेव्हा म्हणायची सवय होती तसे ती म्हणाली होती, "अहो, हळू!"

दुकानातली सफिया हे ऐकून आधी खो खो हसली. मग तिचे हसू ओसरले.

"चेची, काहीतरी शिका तुम्ही. निदान मिरचीपूड तरी ठेवा पर्समध्ये."

मिरचीपूड तिने ठेवली. डबी वेळेला उघडेल की नाही हे बघायला गेली, आणि त्या दुपारी मालकांसकट सगळा रेशमी विभाग शिंकत होता.

म्हणून मग ती शिकायला निघाली. आधी एका शाळेच्या मैदानावर कराटेला गेली. पांढऱ्या कपड्यांतल्या चिल्ल्यापिल्ल्यांच्या रांगेत ही एकटी चुडीदार घालून उभी. सगळ्यांनी मिळून ओरडत हवेत ठोसे मारायचे. तिचा ठोसा चांगला बसू लागला, पण हवेलाच. समोर माणूस कधी उभा करणार, असे तिने विचारले तेव्हा सर म्हणाले, "पिवळा पट्टा मिळाला की."

मग ती कुंजिरामन गुरुक्कळांच्या कळरीत गेली. जमिनीत खोल उतरलेला आखाडा, लाल माती, तेलाचा वास. म्हाताऱ्या गुरुक्कळांनी तिला बसवले, उठवले, एक पाय उचलून उभे केले.

"पाय पक्के आहेत तुझे, पोरी. काम काय करतेस?"

"उभी असते."

"तरीच. असं कर, पुढच्या पावसाळ्यात ये. आधी नुसतं अंग घडवू. काठी त्याच्या पुढच्या वर्षी."

"गुरुक्कळ, पण तो साखळीवाला..."

म्हातारा मनापासून हसला. "चोरासाठी नाही गं ही विद्या. खोटं कशाला बोलू? माझ्या अंगावर चोर आला तर मीसुद्धा काय असेल ते काढून देईन. तू दुसरीकडे बघ."

तेव्हा सफियाने तिला जितिनच्या व्यायामशाळेचे नाव सांगितले. तिथे रस्त्यावरच्या मारामारीचेच शिक्षण होते, काठी नाही की पट्टा नाही. पण जितिन बायकांच्या अंगाला हात लावत नसे. मधे नेहमी उशी धरायचा नाहीतर पुतळा उभा करायचा. आणि पुतळ्याच्या डोळ्यांत बोटे घालणे तिला काही जमले नाही. शेवटी जितिननेच तिला बाजूला घेतले.

"चेची, राग मानू नका. तुमच्यासारख्यांसाठी बीना मॅडम आहेत. पोलिसात होत्या. रविवारी सकाळी वाचनालयात शिकवतात."

बीना मॅडमचे गुडघे गेले होते. समुद्राजवळच्या वाचनालयाच्या वरच्या मजल्यावर, वर्तमानपत्रांचे टेबल भिंतीला सरकवून, खुर्चीत बसून त्या शिकवायच्या. आवाज मात्र अजून ड्यूटीवर होता.

"इथं कोणाला शूर व्हायचं नाहीये. साखळी मागितली? द्या. पर्स मागितली? द्या. पळता येतंय? पळा. चप्पल राहिली तर राहू दे. पळता येत नाही? मग ओरडा. पण 'वाचवा, वाचवा' नाही. त्यानं लोक एकमेकांच्या तोंडाकडे बघतात. एक माणूस निवडायचा. 'अहो निळा शर्ट, इकडे या!' निळा शर्ट येतो. यायलाच लागतं त्याला."

मग त्यांनी मनगट सोडवायला शिकवले. "ताकदीनं ओढू नका. ताकद त्याच्याकडे जास्त आहे, ते कबूल करून टाका. चार बोटं एकीकडे असतात, अंगठा एकटा पडलेला असतो. हात वळवायचा तो अंगठ्याच्या बाजूनं. जोड्या करा."

तंकमणीच्या जोडीला शीजा आली. पस्तिशीची, सडपातळ, पुरत्या बाह्यांचे कपडे घालणारी. बेकरीत गल्ल्यावर बसायची. तिने तंकमणीचे मनगट धरले, घट्ट.

रोज कितीतरी खांद्यांना तंकमणीचे हात लागत. पण तिला कोणी धरून आता दोन वर्षे होऊन गेली होती. शेवटी धरले ते आईने, कुशीवर वळताना, आणि तेही अगदी असेच, पडायच्या भीतीने. बसमधल्या धक्क्यांना काही कोणी धरणे म्हणत नाही. शीजाचा तळवा गरम होता, बोटांना पावाचा वास येत होता.

"चेची," शीजा कुजबुजली. "सोडवा ना!"

"अं? हो, हो," तंकमणी म्हणाली आणि तिने हात वळवला.

त्यानंतर रविवार ठरून गेला. शनिवारी रात्रीच ती चुडीदार इस्त्री करून ठेवू लागली. वर्ग सुटल्यावर दोघी खालच्या टपरीवर लिंबू पिळलेला काळा चहा घ्यायच्या. शीजा बेकरीतल्या गिऱ्हाइकांच्या नकला करायची, आणि तंकमणी दुकानात कधी हसली नव्हती तशी मोठ्याने हसायची. कधी शीजा तिच्यासाठी कागदात गुंडाळून बनपाव आणायची. तो तंकमणी घरी नेऊन सोमवारी खायची, म्हणजे रविवार जरा लांबायचा.

वर्गात शीजा फार प्रश्न विचारायची. आणि सगळे एकाच वळणाचे.

"मॅडम, पळायचं म्हणता, पण समजा आतून कडी असेल तर?"

बीना मॅडमनी तिच्याकडे जरा वेळ पाहिले. "घरात असलीस तर नेहमी दाराच्या बाजूला उभी राहा. स्वयंपाकघरात वाद घालायचा नाही. तिथं सुऱ्या असतात."

टपरीवर त्या दिवशी नकला झाल्या नाहीत. शीजाचा चहा निवत चालला होता. शीजा म्हणाली, "चेची, मला साखळीचोरांची भीती नाही वाटत."

"कळलं मला," तंकमणी म्हणाली. तिने स्वतःचा ग्लास तिच्याकडे सरकवला, कारण त्यातला चहा अजून गरम होता.

पुढच्याच रविवारी शीजाचा नवरा दिनेशन आला. वर्ग सुटून दोघी खाली उतरल्या तेव्हा तो समोर स्कूटरला टेकून उभा होता. कडक इस्त्रीचा शर्ट, कपाळाला चंदन. रस्त्यात भेटला असता तर तंकमणीने त्याला जावई म्हणून कोणालाही सुचवले असते.

"बेकरीत जास्तीचं काम असतं ना गं रविवारी?" तो हसत म्हणाला. "हे काम? कोणाला मारायला शिकतेस?" आणि त्याने शीजाचे मनगट धरले.

वर्गात शीजाने असा हात किती वेळा सोडवला होता! डोळे मिटून सोडवायची. पण आता तिचा हात त्याच्या मुठीत मळलेल्या कणकेसारखा पडून राहिला. ती खाली बघत होती.

"शीजा, अंगठा!" तंकमणी म्हणाली.

शीजाला ऐकूच आले नाही. तो तिला स्कूटरकडे ओढू लागला. बीना मॅडम अजून वरच होत्या, कुलूप लावून एकेक पायरी उतरायला त्यांना वेळ लागे. तंकमणीने इकडेतिकडे पाहिले. रस्त्याच्या कडेला मासळी घेऊन बसलेला एक दणकट माणूस सुरी थांबवून बघत होता.

"अहो, हिरवी लुंगी!" तंकमणी ओरडली. तिला स्वतःचाच आवाज ओळखू आला नाही. "हिरवी लुंगी, इकडे या! सोडवा तिला!"

हिरवी लुंगी खरेच उठली. टपरीवरचे दोघेतिघेही पुढे आले. बीना मॅडमनी शिकवले होते ते शब्दाशब्दाने खरे ठरत होते.

"बायको आहे माझी," दिनेशन त्यांना म्हणाला, अगदी शांतपणे. "घरची गोष्ट आहे. तुम्ही कशाला त्रास घेता?"

लोक थांबले. एकजण परत चहाकडे वळलासुद्धा. हिरव्या लुंगीने ओशाळून तंकमणीकडे पाहिले. "नवराबायकोच्या मधे आपण काय पडणार, चेची?"

तेव्हा तंकमणीने पुढे होऊन शीजाचे दुसरे मनगट धरले. तिला कोणी हे शिकवले नव्हते. ती नुसती धरून उभी राहिली. त्याने ओढले, शीजा मधे ताणली गेली, तंकमणी हलली नाही.

"ए म्हातारे, सोड."

"नाही सोडणार."

त्याचा उजवा खांदा मागे गेला. हात उठायच्या आधी खांदा हलतो, बघत राहा, असे बीना मॅडम नेहमी सांगायच्या, आणि तिने तो हललेला नीट पाहिला. वेळही होता. एक पाऊल मागे घेतले असते तर हात हवेतच गेला असता. पण तिला हिरवी लुंगी दिसत होती, अजून घुटमळत उभी असलेली. तिने मान जराही वळवली नाही.

थप्पड कानशिलावर बसली. चष्मा रस्त्यावर पडला.

"अरे ए!" हिरवी लुंगी दुसऱ्या क्षणी दिनेशनच्या गळपट्टीवर होती. "हिला का मारलंस? ही कोण तुझी? आं? ही पण बायको का तुझी?"

मग सगळेच धावले. शीजाला तो काहीही करू शकत होता, आणि लोक चहा पीत राहिले असते. पण रस्त्यावरच्या परक्या, वयाने मोठ्या बाईवर हात टाकायचा हक्क त्याला कोणी दिला नव्हता. त्याच्या बोटांतून शीजाचे मनगट कधी सुटले ते तिघांपैकी कोणालाच कळले नाही.

बीना मॅडम कठडा धरून खाली आल्या. त्यांनी एका नजरेत काय ते ओळखले, फोन लावला, रिक्षा बोलावली आणि शीजाला आत बसवले. तंकमणीही रिक्षापर्यंत गेली. चष्म्यावाचून तिला शीजाचा चेहरा पुसट दिसत होता.

"चेची, तुम्ही चुकवला का नाही?" शीजा विचारत होती. "शिकवलंय की आपल्याला. तुम्हाला येतं."

"नाही जमलं बाई," तंकमणी म्हणाली. "ऐन वेळी विसरले."

शीजा तिच्याकडे बघत राहिली. मग तिने काहीतरी बोलायला तोंड उघडले, तोवर बीना मॅडम तिच्या शेजारी चढल्या आणि रिक्षा निघाली.

सोमवारी गाल निळा पडला होता. मालकांनी ते बघितले आणि गाल बरा होईपर्यंत तिला वर गोदामात गठ्ठे लावायला पाठवले. गिऱ्हाइकांना बरे दिसत नाही म्हणाले. सफिया जेवणाच्या सुट्टीत बर्फ घेऊन आली. तंकमणीने शीजाचा नंबर लावून पाहिला. फोन बंद होता. दुसऱ्या दिवशीही बंद होता. त्यानंतर, असा नंबरच नाही, असे एक बाई सांगू लागली.

पुढच्या रविवारी ती लवकरच वाचनालयात गेली. बीना मॅडम वर्तमानपत्रे गोळा करत होत्या.

"सुखरूप आहे," त्या मान वर न करता म्हणाल्या. "कुठं ते विचारू नकोस. तिच्या सख्ख्या मावशीलासुद्धा सांगितलं नाही मी."

"मी कुठं विचारलं?"

"बरं." त्यांनी वर्तमानपत्रांची घडी घातली. "परत नाही येणार ती इकडे. येऊही नये."

"नकोच," तंकमणी म्हणाली.

बायका जमल्या. जोड्या झाल्या. तंकमणी एकटी उरली. बीना मॅडमनी सगळीकडे नजर फिरवली, स्वतःच्या गुडघ्यांकडे पाहिले, आणि पहिल्यांदाच त्यांचा आवाज जरा उतरला.

"तू आज खिडकीवर कर. गज धर घट्ट, नुसती पकड पक्की करायची. येईल कोणीतरी नवीन."

तंकमणी खिडकीशी गेली. समोर समुद्र होता, किनाऱ्यावर ओढून ठेवलेल्या होड्या होत्या. तिने गज धरला. मागे टाळी वाजली, म्हणजे सोडायचे. सगळ्या जोड्या सुटल्या. कोणीतरी हसले, कोणीतरी "आई गं" म्हणाले. तंकमणीने गज आणखी थोडा वेळ धरून ठेवला. तिच्या तळव्याच्या उबेने तो कोमट झाला होता.