नळीत उतरलेली सवत

नळीबाबाच्या दारी एवढी झुंबड उडायची, की विट्याजवळच्या त्या गावात माझा दवाखाना ओस पडला. डॉक्टरला मत्सर वाटतो, असं लोक म्हणत. वाटतही होता. गोष्ट १९९४ सालची.

बाबा विसराळू म्हाताऱ्यांचं रक्त काढून काचेच्या बारीक नळीत उभं करायचा. तासाभरात लाल रक्त खाली बसे, वर पिवळं पाणी राही आणि माणसं हात जोडत.

"बनुबाईची मेलेली सवत रगतात बसलीया," बाबा म्हणाला. "रगत जितकं खाली, तितकी ती भारी. लालासाहेब, तुमी गलाईवालं. सोन्यातली घाण कशानं निघती?"

"आगीनं," लालासाहेब म्हणाला.

बनुबाईचा हा एकुलता मुलगा मदुराईत सोनं गाळायचा. आई माणसं ओळखेना म्हणून धावत आला होता. गिऱ्हाइकाचं सोनं तो कसोटीवर घासल्याशिवाय घेत नसे, बाबाला मात्र तसाच घेतला. भट्टीपुढे हात सरावलेला, म्हणून आईच्या पोटरीवर तापल्या सळईचा डाग द्यायचं काम त्याच्याकडेच आलं. आठवड्याने रक्त आणखी खाली बसलं. सवत चिडली, बाबा म्हणाला. दुसरा डाग. मग तिसरा.

पोटरीतून पू वाहू लागला, तेव्हा लालासाहेब माझ्याकडे आला.

"आवं डाक्टर, ताप तेवढा उतरवा. उद्या चौथा द्यायचाय."

दुसऱ्या दिवशी मी बाबाच्या दारातच दोन नळ्या लावल्या. एकीत ज्ञानूआबांचं रक्त. जेवून उठले की जेवायला मागणारे, पण अंगाने धडधाकट. दुसरीत सिद्धू पैलवानाचं. मानेवर पिकलेलं गळू, पण प्रत्येक कुस्ती तोंडपाठ. तासाभराने आबांचं रक्त जेमतेम उतरलं होतं. सिद्धूचं पार खाली गेलं होतं.

"सवत सिद्धूलाच लागली म्हणायची," मी म्हणालो. "याचं तर लग्नही झालेलं नाही."

लोक हसले. सिद्धू हसला नाही.

"अंगात कुठेही जखम पिकली, सूज आली, की रक्त भराभर खाली बसतं. नळी एवढंच सांगते. बनुबाईचा आजार मेंदूचा आहे. रक्त आणखी उतरलं ते तुमच्या डागांनी."

बाबा पूर्वी मिरजेला एका लॅबमध्ये बाटल्या धुवायचा. जखम दिली की रक्त बसणार, हे तो तिथेच शिकला होता. चार चपला बसल्यावर त्याने तेही सांगितलं.

लालासाहेबाने त्याला हात लावला नाही. तो माझ्यासोबत घरी येऊन आईच्या पायाशी बसला. तिने पाय लुगड्यात ओढून घेतले.

"डाक्टर, ह्या मानसाला भाईर काढा," ती मला म्हणाली. "माझा ल्योक मदुराईला हाय. त्यो आला की बघंल ह्याच्याकडं."

जखमा भरल्या. मदुराईचं दुकान विकून लालासाहेब आईपाशी राहिला, पण ती त्याच्या हातचा घास घेत नसे. शेजारीण भरवायची, तो दाराआडून बघायचा.

विसरणाऱ्या म्हातारीला आजार झालेला असतो, भूत लागलेलं नसतं. त्यावर आज खात्रीचं औषध नाही, हे मीही मान्य करतो. म्हणून तर खात्री देणाऱ्या कुठल्याही बाबाची परीक्षा आधी घ्या. तिला भरवायला घरात एक तरी असा हात राहू द्या, ज्याची तिला भीती वाटणार नाही.