पंच्याऐंशीला लागलेला दिवा

यंत्रावरचा हिरवा दिवा जेमतेम तांदळाच्या दाण्याएवढा आहे. काचेपलीकडच्या बंद खोलीत बसलेल्या माणसाला हेडफोनमध्ये सूर ऐकू आला की त्याने हातातलं बटण दाबायचं. मग इकडे दिवा लागतो. चाळीस डेसिबलला दिवा लागला नाही. पन्नासला नाही. साठलाही नाही, आणि साठ म्हणजे समोर बसून बोलणाऱ्या माणसाचा आवाज. कान तपासणाऱ्या बाईने आत जाऊन बटणाची वायर हलवून पाहिली, हेडफोन स्वतःच्या कानाला लावून पाहिले. सगळं ठीक होतं. दिवा लागला तो पंच्याऐंशीला. दुसऱ्या कानाचंही तेच.

काचेपलीकडे ख्रिस्ती मठाच्या मदर बसल्या होत्या. मांडीवर हात, चेहरा नेहमीसारखा शांत.

"तरी मी म्हणत होतेच!" त्यांना घेऊन आलेली मठातली स्वैपाकीण तिच्या खांद्यामागून म्हणाली. "परवा माझ्या हातून पातेलं पडलं. मांजर माळ्यावर पळालं, पण मदर आपल्या डोळे मिटून तश्शाच. आम्ही एकमेकींना सांगतो, बघा गं, याला म्हणतात ध्यान! आज मागून ट्रक हॉर्न मारत आला तरी हलेनात. मी ओढलं म्हणून वाचल्या. ट्रकपुढे कसलं ध्यान चालतंय, कानवाल्या ताई?"

कानवाली हसली नाही.

तीन वर्षं दर सोमवारी काम संपवून ती मठात जात होती. सात-आठ जणी वीस मिनिटं डोळे मिटून बसत. मनात एकच शब्द धरायचा; तिचा शब्द होता 'अब्बा', येशूने देवबापाला मारलेली हाक. विचार आला तर त्याच्याशी भांडायचं नाही, हलकेच शब्दाकडे परतायचं. मदर घंटा वाजवत नसत. समोर वाळूचं घड्याळ ठेवत आणि वाळू संपली की टेबलावर तळवा दोनदा आपटत. केवढा साधेपणा, असं सगळ्यांना वाटे.

बाकीच्या गेल्या की ती मदरच्या शेजारी बाकावर बसे. दोघींची तोंडं क्रुसाकडे. मग ती खालच्या आवाजात तेच ते विचारी: धाकट्याला घरी आणू का? भाऊ चाळिशीचा, मनाने सहा वर्षांचा. आई गेल्यावर तिने त्याला संस्थेत ठेवलं होतं, 'थोडे दिवस' म्हणून. दर रविवारी तो पिशवी भरून फाटकाशी बसे आणि ती एकटीच परत येई. कामावर गेले तर त्याला कोण बघेल? मी आजारी पडले तर? मला झेपेल का?

मदर ऐकून घेत, मान हलवत आणि म्हणत, "थांब बाळा. उत्तर शांततेत येतं."

ती थांबली होती.

बाकावरच्या तिच्या कुजबुजण्याचा आवाज फार तर पस्तीस. पंच्याऐंशीतून पस्तीस गेले, पन्नास कमी. कागदाच्या कोपऱ्यात तिने हे मांडलं आणि पेन तसंच धरून बसली. दिवसाला वीस कान तपासणारी बाई! दिव्याखाली अंधार म्हणतात तो आणखी कुठला?

"झालं का गं?" आतून मदरनी विचारलं. "की अजून सुरूच व्हायचंय?"

तिने कोऱ्या कागदावर मोठ्या अक्षरांत लिहिलं: 'कधीपासून ऐकू येत नाही?' कागद काचेला लावला.

मदरनी दोनदा वाचलं. हसू हळूहळू मावळलं.

"आधी पाखरं थांबली," त्या म्हणाल्या. "मग आमच्या बायकांची बडबड. मला वाटलं, आत शांत होत चाललंय. प्रार्थना मुरली. मी देवाचे आभार मानले गं." त्यांनी कागदावरून नजर उचलली. "म्हणजे सोमवारी तू... काय सांगत होतीस?"

स्वैपाकिणीने तोंडाला पदर लावला.

"एरवी तोंडाकडे बघून कळतं, पण तिथे माझी नजर क्रुसाकडे असायची," मदर म्हणाल्या. "तुझा खांदा हलतोय एवढं कळायचं. वाटायचं, रडतेयस. म्हणून म्हणायचे, थांब."

तिला संताप यायला हवा होता. आला नाही, दुसरंच काहीतरी अंगावर आलं. मदरना ऐकू गेलं नव्हतं, पण तिला तर गेलं होतं. पहिल्या सोमवारपासून त्या वीस मिनिटांत एकच चित्र येई: फाटक, पिशवी, पिशवीच्या चेनमध्ये अडकलेली शर्टाची बाही. आणि शिकवल्याप्रमाणे ती ते हलकेच बाजूला सारून शब्दाकडे परतत असे. दर वेळी. आपल्याला छान जमतंय, असंही तिला वाटे.

तिने माईक पुढे ओढला, आवाजाची खुंटी पंच्याण्णववर नेली.

"बेतानं हं, ताई," स्वैपाकीण पुटपुटली. "दचकतील."

तिने कळ दाबली. "मदर."

मदर खरंच दचकल्या. दोन्ही हात हेडफोनवर गेले, डोळे मोठे झाले.

"मदर, धाकट्याला मी घरी आणतेय. या रविवारी."