कचरूच्या मागं चार गाड्या

अंतरवालीहून कापसाच्या गाड्या जालन्याच्या जिनिंगवर निघायच्या, तेव्हा सगळ्यांत पुढं रामराव असायचा. त्या साली ऐन सुगीत त्याचे गुडघे धरले. मग म्होरक्या कोण? गावानं कचरूला पुढं केलं. बैल देखणे, आणि आवाज असा की शिवाराच्या त्या टोकाला म्हशी दचकाव्यात.

कचरूच्या अंगात निजामाची अख्खी पलटण संचारली. निघायच्या दिवशी लाल फेटा बांधून तो गाडीवर उभा राहिला.

"माझ्या गाडीमागं गाडी. मी थांबलो की थांबायचं, मी वळलो की वळायचं. मधी कुनी तोंड उघडायचं न्हाई. बराबर?"

"बराबर," मागचे चौघे म्हणाले. त्यातल्या मच्छिंद्रला काहीतरी विचारायचं होतं, पण कचरूनं डोळे वटारले.

दुपारी विहिरीवर भाकरी-ठेचा झाला आणि गाड्या पुन्हा वाटेला लागल्या. हिवाळ्याचं ऊन अंगाला गोड लागत होतं, खाली कापूस मऊ. नुसते डोळे मिटतो, झोपत न्हाई, असं कचरूनं स्वतःला बजावलं, आणि घोरायला लागला.

बैल मात्र जागे होते. अंबडच्या अलीकडं एक फाटा होता, तिकडं कचरूची सासरवाडी. त्या गोठ्यात दर खेपेला पेंड मिळते, हे बैलांना पक्कं ठाऊक. ते वळले. मागची गाडी वळली. तिच्या मागचीही वळली.

कचरूला जाग आली ती सासूच्या आवाजानं. साळूबाई दारात पदर तोंडाला लावून उभी होती.

"जावाईबापू, एवढी मान्सं घेऊन आलात! माझ्या उषीचं काही बरंवाईट तर न्हाई ना झालं?"

"न्हाई वो मामी, धडधाकट हाय ती," म्हणत कचरू खाली उतरला आणि थेट मच्छिंद्रवर घसरला. "तू माझ्या मागंच व्हतास. गाडी वळली ती दिसली न्हाई तुला?"

"दिसली की. चांगली दिसून राह्यल्ती."

"मंग बोंबलला का न्हाईस?"

"तोंड उघडायचं न्हाई म्हन्ला व्हतास. मला वाटलं, म्होरक्याचा काही बेत असंल."

रात्री साळूबाईच्या पिठल्यावर चौघे तुटून पडले. 'बैलांनीच दगा दिला' हे वाक्य कचरूनं जिभेवर तयार ठेवलं होतं. पण चौघांनी हात थांबवून त्याच्याकडं पाहिलं, तेव्हा ते बाहेर पडेना.

"माझा डोळा लागला," तो म्हणाला. "चूक माझी. उद्यापासून ज्याला जे दिसंल त्यानं बोलायचं."

ही परवानगी त्याला फार महागात पडली. सकाळपासून चौघेही बोलू लागले. बाभळ दिसली तरी बोलले, कुत्रं आडवं गेलं तरी बोलले. पुढं ओढा लागला तेव्हा तर बाजारच भरला. मच्छिंद्र म्हणे सरळ घाला, शेवटच्या गाडीवरचा कडूबा म्हणे वरच्या अंगानं जाऊ.

'गप बसा!' कचरूच्या ओठांवर आलं होतं. त्यानं ते गिळलं, धोतर खोचलं आणि स्वतः पाण्यात उतरला. सरळ वाटेवर पाय गुडघ्यापर्यंत रुतला, वरच्या अंगाला खडे लागले.

"दोघांचंबी ऐकलं. आता वरून जायाचं," तो म्हणाला.

चार गाड्या पार झाल्या. शेवटची कडूबाचीच, ती नेमकी काठावर फसली. मच्छिंद्रला हसू आवरेना. कचरूनं आपले बैल सोडून तिला जोडले आणि चाकाला खांदा लावला. मग बाकीचेही हसत हसत भिडले. गाडी हिसक्यासरशी निघाली आणि म्होरक्या चिखलात पालथा पडला. उठला तो हसतच.

दिवस कलायच्या आत गाड्या जिनिंगच्या फाटकाशी लागल्या.

"मुखिया कौन है?" चौकीदारानं विचारलं.

चौघांनी चिखलानं माखलेल्या कचरूकडं बोट केलं. चौकीदाराला ते पटेना.

"ह्योच," मच्छिंद्र म्हणाला. "काय असंल ते ह्याच्याशी बोला."

कचरूनं कडूबाची गाडी पहिली आत घ्यायला सांगितली, कारण तिचे बैल फार दमले होते.