मल्लारूची कमान

"टाय लावतोस का?" नोरीनने नवऱ्याला विचारलं.

"पूल पाडायचाय, लग्न नाही लावायचं," अ‍ॅथल म्हणाला. बूट घालायला तो पलंगावर बसला, तो बराच वेळ उठलाच नाही.

उभी हयात त्याने मल्लारू गावच्या नदीवरल्या पोलादी पुलाला रंग देण्यात घालवली होती. कमानीवरून रंगवत पलीकडे पोचेपर्यंत अलीकडे गंज धरलेला असायचा. मग पुन्हा पहिल्यापासून. पूल महायुद्धाआधीचा, लोकर वाहणाऱ्या लहानशा ट्रकांसाठी बांधलेला. ट्रक जड होत गेले. शेवटी नदीच्या खालच्या अंगाला काँक्रीटचा नवा पूल झाला आणि जुना सुरुंगाने पाडायचं ठरलं. बटण दाबायचा मान नगरपालिकेने अ‍ॅथलला दिला. त्याला तो नको होता. पण नाही म्हणायलाही अंगात जोर लागतो.

वाटेत तो वूलाच्या दारी थांबला. तिचा नवरा स्टाव्रोस ग्रीसहून आलेला, रंगकामात अ‍ॅथलचा जोडीदार. एका हिवाळ्यात ओल्या कमानीवरून त्याचा पाय सटकला. अ‍ॅथल त्याच्यापासून हाताभर अंतरावर होता.

"वूला, बटण मी दाबणार आहे. तुला चालेल ना?"

"आत्ता विचारायला आलास? माझा नवरा खाल्ला त्या धुडाने, आणि तू त्यालाच रंग फासत बसलास."

"पोटासाठी गं."

"ठाऊक आहे रे. म्हणून तर धड चिडताही येत नाही." ती आत गेली आणि काळा कोट चढवून आली. "चल. बटण मी दाबते."

नदीकाठी गर्दी होती. नगरपालिकेची बाई गडबडली. "अहो, पण पेपरवाल्यांना मी तुमचं नाव सांगितलंय!"

"मग आता हिचं सांगा," अ‍ॅथल म्हणाला.

भोंगा झाला. वूलाने छातीवर क्रूसाची खूण केली आणि बटण दाबलं. आधी धूर दिसला, मग आवाज आला. कमान मधोमध वाकली, क्षणभर तशीच राहिली आणि गुडघे टेकावेत तशी नदीत बसली. लोकांनी टाळ्या वाजवल्या.

"एवढंच?" वूला म्हणाली.

"एवढंच."

"मला वाटलं होतं, जरा बरं वाटेल."

आपल्याला रडू येईल असं अ‍ॅथलला वाटलं होतं. पण त्याला नुसती झोप येत होती.

गर्दी पांगली. वाऱ्याने आलेली धूळ दोघांच्या अंगावर बसली होती. वूलाने त्याच्या एका खांद्यावरची धूळ तळहाताने झटकली, मग दुसऱ्यावरची. त्याची कॉलर सरळ केली. अ‍ॅथल लहान मुलासारखा मान खाली घालून उभा राहिला. खालच्या अंगाला, नव्या पुलावरून ट्रक न थांबता जात होते.