वायरबाईचं ठिगळ

"अहो सिस्टर, माऊसला हात नका लावू! माझा बाण तिकडे ओढतोय, तुमचा इकडे. अशानं पॅच बसायचा कधी?" वायरबाई फोनवर ओरडली.

"मग पेशंटचे रिपोर्ट कोण बघणार? तुझा बाण?" वॉर्डातली सिस्टर पलीकडून फणकारली, पण तिनं हात काढला.

रुग्णालयाचे सगळे कॉम्प्युटर तळघरातल्या एका खोलीतून सांभाळणाऱ्या या बाईला खऱ्या नावानं कुणी हाक मारल्याला वर्षं लोटली होती. जागेवरून न उठता दुसऱ्याच्या पडद्यावर शिरायचं, बिघडलेलं नीट करायचं आणि निघून यायचं, हे तिचं काम. ज्या प्रोग्रॅममधून ती शिरायची, त्यालाच भोक असल्याचं आज सकाळी कळलं. त्यातून कुणीही चोर पासवर्डशिवाय आत येऊ शकत होता, आणि एका मशीनमध्ये शिरला की अख्खं रुग्णालय त्याला मोकळं रान. म्हणून प्रत्येक मशीनला आजच्या आज ठिगळ, म्हणजे पॅच, लावायचं, एकही सोडायचं नाही, असा साहेबांचा हुकूम होता.

जेवणाच्या सुट्टीपर्यंत ओपीडी झाली, औषधांचं दुकान झालं, एक्स-रे झाला. यादीत पुढचं नाव होतं 'जुनं भांडार'. असलं भांडार रुग्णालयात नव्हतंच मुळी. ते मशीन शहराच्या दुसऱ्या टोकाला, तिच्या बाबांच्या खोलीत होतं.

बाबांनी उभा जन्म कारखान्याच्या बॉयलरवर काढला आणि कान तिथेच ठेवून आले. त्यामुळे फोन कुचकामी, आणि मोबाइलची काच त्यांच्या भाजून निबर झालेल्या बोटांना दाद देत नव्हती. पण कान शाबूत होते तेव्हा तरी कुठे बोलायचे? 'हं' आणि 'बरं', एवढ्यात संसार उरकला माणसानं! आई म्हणायची, "यांच्यापेक्षा तो बॉयलर बरा, शिट्टी तरी मारतो." आई गेली आणि घर मुकंच झालं. मग हिनं मोडीत निघालेलं एक मशीन विकत घेऊन बाबांकडे ठेवलं, आणि काही अडलं तर इथूनच बघता यावं म्हणून गुपचूप रुग्णालयाच्या यादीत घुसडलं. चूकच ती. पण केली.

आणि एका दुपारी त्यांच्या पडद्यावर शिरली, तर तिथे कोरं पान उघडं. पानावर एकेक अक्षर उमटायला लागलं. 'तू आहेस का?'

'आहे, बाबा.'

तेव्हापासून रोज दुपारी डबा उघडायचा आणि त्या पानावर जायचं. काय काय लिहिलं त्यांनी! तिला खांद्यावर बसवून कारखाना दाखवायला नेलं, तर ती बॉयलरला 'आजोबा' म्हणाली होती. आईला पहिल्यांदा पाहिलं तेव्हा तिच्या चपलेचा अंगठा तुटला होता. यांनी तार घालून तो सांधून दिला, पण तोंडातून शब्द फुटला नाही. 'तेव्हाच आवडली होती. तिला कधी सांगितलं नाही,' असं लिहिलं त्या दिवशी वायरबाईला घास गिळवला नव्हता. लिहायला काही नसलं की हे गृहस्थ मुद्दाम पडद्यावरचं सगळं उलटं करून ठेवायचे, म्हणजे लेक झक्कत येणार. फार सुखाच्या दुपारी होत्या त्या.

आज तिनं त्या पानावर सगळं लिहून टाकलं. प्रोग्रॅमला भोक पडलंय, तुमचं मशीन इतकं जुनं की ठिगळ बसत नाही, आणि तसंच सोडलं तर चोराला रुग्णालयाचं दार तुमच्याकडून उघडं.

'नवीन मशीन आणते. घरापुरता वेगळा प्रोग्रॅम घालू.'

'नको. नव्याची अक्षरं शोधण्यात उरलेला जन्म जाईल.'

मग खाली पुन्हा त्यांचीच अक्षरं उमटली.

'तिथे आजारी माणसं असतात ना?'

'हो.'

'मग काढ.'

तिनं प्रोग्रॅम काढायची चौकट उघडली, पण बटण दाबवेना. कोपऱ्यातलं एक मशीन, कुणाला कळणार होतं? पण तिचं मनही मानेना. तेवढ्यात बाण आपोआप हलला. बाबांचा हात होता तो. अडखळत, दोनदा चुकत तो 'काढून टाका'वर गेला, आणि पडदा मिटला. वायरबाईनं डोळे पुसले, यादीतलं 'जुनं भांडार' खोडलं आणि प्रयोगशाळेचं मशीन उघडलं.

संध्याकाळी ती घरी न जाता थेट बाबांकडे गेली. दार उघडून ते "हं" म्हणाले. चहा टाकला.

"बाबा, रागावलात?"

"काय?"

"रागावलात का?" ती एवढ्या मोठ्यानं ओरडली की समोरच्या खिडकीत डोकं दिसलं. बाबा ओशाळले. "बरं आहे सगळं," म्हणाले आणि चहा कपांत ओतला.

तिनं मशीन चालू केलं, कोरं पान उघडलं, त्यांना खुर्चीवर बसवलं आणि स्टूल ओढून शेजारी बसली. "हं, लिहा," तिनं खुणेनं सांगितलं.

बाबांनी बोट उचललं. तिच्याकडे पाहिलं आणि खाली ठेवलं. पुन्हा उचललं, पुन्हा ठेवलं. कपाळावर घाम आला बिचाऱ्यांच्या. इतके दिवस मध्ये अख्खं शहर होतं म्हणून हा माणूस बोलू शकत होता, हे तिला आत्ता कळलं.

ती उठली. कप घेऊन खिडकीपाशी गेली आणि त्यांच्याकडे पाठ करून उभी राहिली. खाली कुणीतरी सायकलची चेन बसवत होतं, ते बघत राहिली. चहा निवून गेला. बऱ्याच वेळानं मागे एक कळ टक् वाजली. मग आणखी एक टक्. ती वळली नाही.